हिवाळ्याचे सरपण आणि पऱ्हाटीची गंजी

दिवाळी आटोपली की वर्धा जिल्ह्यात पहाटेचा गारठा जाणवू लागतो. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जाणारा पारा, डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली म्हणजे १० अंशांच्या खाली उतरतो. हा काळ दोन-अडीच महिन्यांचा. त्यामुळे थंड मुलुखांप्रमाणे भिंतीत अग्निस्थान बांधून सारे घर उबदार ठेवण्याची रीत येथे पडली नाही. तरीही घरातील उष्णतेची गरज या दिवसांत एकदम वाढते. न्हाणीत पाणी तापवावे लागते, ओसरीवर शेकोटी पेटते आणि घरात बाळंतीण असेल तर तिच्या खोलीत शेगडी ठेवावी लागते. स्वयंपाकाची चूल तर बारमाही आहेच.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅसची शेगडी खेड्यापाड्यांतील अनेक स्वयंपाकघरांत पोहोचली. परंतु चहा व भाजी गॅसवर आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी बऱ्याच घरांनी आपापली करून घेतली आहे. सिलिंडर पुरवून वापरावयाचा असेल तर ती स्वाभाविकच म्हणावी लागेल. सरपणाचा प्रश्न त्यामुळे संपलेला नाही. मात्र ‘जे मिळेल ते जाळावे’ एवढाच विचार या बाबतीत सहसा होतो आणि त्याची किंमत घरातील स्त्रिया, जवळचे जंगल व, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, पुढील वर्षीचे कपाशीचे पीकही मोजत असते.

लाकडातील पाणी

कोणत्या झाडाचे लाकूड चांगले, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. वास्तविक पहिला प्रश्न लाकूड किती वाळलेले आहे, हा असावयास हवा. पूर्ण कोरड्या लाकडाच्या १ किलोपासून सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते आणि बाभूळ असो, निंब असो वा पळस, या आकड्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो ओलाव्याने. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे १ किलो लाकूड चुलीत घातले तर जळणारे द्रव्य असते अर्धा किलोच. शिवाय उरलेल्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे ३०० किलोकॅलरी खर्ची पडतात. हाती राहतात १,९५० च्या आसपास. हेच लाकूड वाळून त्यातील पाणी १५ टक्क्यांवर आले तर किलोमागे सुमारे ३,७०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे जवळपास दुप्पट.

एका कुटुंबाचा हिशेब मांडून पाहिला तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. पाच माणसांच्या आंघोळीसाठी ६० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवावयाचे असल्यास पाण्यात २,४०० किलोकॅलरी उष्णता जावी लागते. साध्या तीन दगडांच्या चुलीत जळणाऱ्या उष्णतेपैकी जेमतेम १० टक्के भांड्यात उतरते. बाकीची हवेत जाते. तेव्हा रोज २४,००० किलोकॅलरीचे सरपण लागणार. वाळलेले लाकूड असेल तर ते साडेसहा किलो, ओले असेल तर १२ किलोंहून अधिक. हिवाळ्याचे ९० दिवस धरले तर वाळलेले लाकूड सुमारे ६ क्विंटल लागते आणि ओले ११ क्विंटल. मधल्या ५ क्विंटलांची मोळी कोणाच्या तरी डोक्यावरूनच घरी येते. एका मोळीचे वजन २०-२५ किलो भरते, म्हणजे या २० ते २५ खेपा झाल्या.

वखारीतून लाकूड विकत घेणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावयास हवे. वजनावर घेतलेल्या ओल्या लाकडाच्या प्रत्येक क्विंटलात ४०-५० किलो पाण्याचे पैसे दिले जातात. वजनाने घ्यावयाचे तर सर्वांत कोरडे, मग ते कोणत्याही झाडाचे असो. आणि बंडीच्या हिशेबाने घ्यावयाचे तर सर्वांत जड जातीचे, हा साधा व्यवहार आहे.

वाळवण करण्यास वर्ध्याच्या उन्हाळ्याइतका चांगला काळ नाही. ओंडका तसाच ठेवला तर साल आतील पाणी धरून ठेवते. म्हणून कुऱ्हाडीने त्याच्या मनगटाएवढ्या जाडीच्या फोडी कराव्यात. जमिनीवर दगड वा विटा मांडून त्यांवर आडवी-उभी रचाई करावी, जेणेकरून वारा आरपार खेळेल. एप्रिल आणि मे असे दोन महिने मिळाले तर बहुतेक फोडी जळण्याजोग्या होतात. पावसाळ्यापूर्वी रचाईवर फक्त वरून आच्छादन घालावे. चहूबाजूंनी झाकल्यास लाकूड घुसमटते व त्याला बुरशी येते. लाकूड वाळले की नाही, हे ओळखण्यास उपकरण लागत नाही. टोकांना चिरा पडतात, साल सुटू लागते आणि दोन फोडी एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज दबका असतो. रचाई घराच्या भिंतीला टेकवून करू नये. विंचू-सापांना अशी जागा फार आवडते आणि पहाटेच्या अंधारात सरपण काढण्यास हात घालणारी बहुधा घरातील गृहिणीच असते.

झाडाझाडांतील फरक

वजनाला वजन उष्णता सारखी असली तरी लाकडे जळतात मात्र निरनिराळ्या रीतीने. जड लाकूड सावकाश जळते व मागे टिकाऊ निखारा ठेवते. हलके लाकूड भडकन पेटते व लवकर विझते. म्हणून काम पाहून लाकूड निवडणे श्रेयस्कर.

बाभूळ हे या जिल्ह्यातील सरपणात पहिल्या पंक्तीचे. शेताच्या बांधावर ती आपोआप येते, लाकूड जड असते, निखारा दीर्घकाळ टिकतो. काटे वेगळे करण्याचा त्रास आणि रचाईत लवकर लागणारी कीड, एवढेच तिचे दोष. कीड लागू नये म्हणून बाभूळ फोडून उन्हात ठेवावी व फार काळ साठवू नये. धावडा बाभळीहून सरस मानला जातो. त्याचा कोळसाही उत्तम होतो. परंतु धावडा हा जंगलातील वृक्ष आहे व त्याच्या डिंकाला बाजार आहे. तो केवळ पाणी तापविण्यासाठी तोडणे शहाणपणाचे नव्हे. हिवर, बोर आणि चिंच यांची लाकडेही चांगला आर देतात. वेडी बाभूळ ही तर थोडी ओली असतानाही जळते. तिने पडीक जमीन व्यापली असेल तेथे ती तोडून सरपणास वापरणे दुहेरी फायद्याचे. १९८२ साली महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिल्यानंतर सुबाभळीचा पुष्कळ प्रसार झाला. तोडलेल्या बुंध्याला तिला पुन्हा फुटवे येतात, त्यामुळे बांधावरील चार-सहा झाडे आळीपाळीने छाटली तर एकही झाड मुळापासून न काढता सरपण मिळत राहते.

निंब मध्यम प्रतीचा. धूर थोडा कडवट. पळस व सालई हलकी. सालईत राळ असल्याने ती चटकन पेटते, पण धूर काळा व दाट येतो. चूल पेटविण्यापुरती तिची एखादी ढलपी ठेवावी. तेंदूचे लाकूड जळताना तडतडते व ठिणग्या उडवते. पोरांना त्याची गंमत वाटते, परंतु पऱ्हाटीच्या छपराखाली किंवा कापसाच्या गाठोड्याजवळ ते मुळीच जाळू नये.

काही वनस्पती मात्र सरपणातून कटाक्षाने वगळावयास हव्यात. बिब्ब्याच्या लाकडाचा धूर अंगावर घेतल्यास तोंड सुजते व त्वचेवर फोड येतात. अनोळखी फांद्यांच्या मोळीत बिब्बा येऊ नये म्हणून मोळी बांधतानाच पारख केलेली बरी. कण्हेर विषारी आहे. तिच्या काड्या चुलीत तर नकोतच, पण निखाऱ्यावर काही भाजण्यासाठी सळई म्हणूनही नकोत. शेर, रुई यांसारख्या चिकाच्या झाडांचा धूर डोळ्यांना झोंबतो. कपाशीच्या या प्रदेशात आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. फवारणीच्या औषधांची रिकामी खोकी व डबे आणि खतांच्या प्लास्टिकच्या पिशव्या विस्तव पेटविण्यासाठी सर्रास वापरल्या जातात. त्यांचा धूर लाकडाच्या धुराहून कितीतरी घातक असतो. रंग लावलेल्या जुन्या दार-खिडक्यांच्या फळ्यांनाही हेच लागू.

जंगलातून काय आणावे यालाही मर्यादा आहेत. आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांत डोंगराळ वनप्रदेश आहे. सेलू तालुक्यातील बोर अभयारण्य १९७० साली घोषित झाले व २०१४ साली त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अशा भागात पहाटे वा दिवेलागणीस सरपणाला जाणे जिवावर बेतू शकते. शिवाय साग, आंबा, मोह, चिंच, ऐन, तिवस यांसारखी झाडे स्वतःच्या शेतात असली तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमानुसार ती तोडण्यास परवानगी लागते. सरपणासाठी फांद्यांची छाटणी व वाळून पडलेल्या काटक्या यांवरच भर असावा.

शेगडी आणि बंद खोली

बाळंतिणीची खोली उबदार ठेवण्याची प्रथा जुनी आहे. बाजेखाली शेगडी ठेवून शेक दिला जातो, ओवा व बाळंतशोपा यांची धुरी होते, आणि गार वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावून फटीत चिंध्या कोंबल्या जातात. नवजात बालकाला थंडीपासून जपले पाहिजे, यात शंका नाही. परंतु याच ठिकाणी सर्वांत मोठी चूक होते. धूर येऊ नये म्हणून लाकडाऐवजी लाल निखारे किंवा कोळसा ठेवला जातो आणि धूर दिसत नाही म्हणून तो निर्धोक समजला जातो. हवा अपुरी असताना जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर ही लक्षणेही कळत नाहीत. आई व मूल झोपेतच दगावण्याचा धोका यात असतो.

म्हणून शेगडी खोलीबाहेर, अंगणात पेटवावी. निखारे पूर्ण फुलल्यावर काही वेळच खोलीत आणावी. त्या वेळी समोरासमोरच्या दोन झरोक्यांपैकी एक तरी वरच्या बाजूने उघडा ठेवावा आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर न्यावी. फुललेल्या निखाऱ्यांतूनही हा वायू निघत असतोच, तेव्हा निखारे लाल झाले म्हणून झरोका बंद करणे धोक्याचे. बाळाला ऊब देण्याचा याहून चांगला उपाय म्हणजे त्याला आईच्या अंगाशी, त्वचेला त्वचा लागेल असे धरून वरून पांघरूण घालणे. त्यास सरपणाची एक काडीही लागत नाही.

चुलीची घडण

सरपण चांगले असूनही चूल वाईट असेल तर ते वाया जाते. या विषयाचा विचार वर्ध्यात फार पूर्वी सुरू झाला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे केंद्र झाले. जे. सी. कुमारप्पा त्याचे कार्यवाह होते. खेड्यातील घाणी, चरखा, हातकागद यांच्याबरोबरच चुलीकडेही तेथील कार्यकर्त्यांनी लक्ष दिले आणि १९४० च्या दशकात मातीची, धुराडे असलेली ‘मगन चूल’ पुढे आली. एकाच जाळावर एकापेक्षा अधिक भांडी तापावीत व धूर घराबाहेर जावा, असा तिचा हेतू. १९७६ साली देवेंद्रकुमार यांच्या पुढाकाराने वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापन झाले. निर्धूर चूल व गोबरगॅस या विषयांत त्यानेही काम केले. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ ते २००२ या काळात चालला. त्यात बसविलेल्या पुष्कळ चुली पुढे बंद पडल्या. धुराड्यातील काजळी महिना-दोन महिन्यांनी काढावी लागते, हे चूल बसविताना जितके ठसवावयास हवे होते तितके ठसविले गेले नाही, असे म्हणणे भाग आहे. धुराडे तुंबले की धूर घरातच फिरतो आणि गृहिणी कंटाळून ती चूल मोडून टाकते.

तरीही हिशेब तोच राहतो. चुलीत उतरणारी उष्णता १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेली की ६० लिटर पाण्याला साडेसहा किलोंऐवजी सव्वातीन किलो वाळलेले लाकूड पुरते. जुना तांब्याचा बंब याच कारणाने काटकसरी आहे. त्याच्या मधून जाळाची नळी जाते व पाणी तिच्या सभोवार असते. बारीक ढलप्या, गोवरीचे तुकडे, तुराटीचे बुडखे यांवर तो सुरेख चालतो. बंब नसेल तर निदान भांड्यावर झाकण ठेवावे, चुलीच्या तोंडात लाकडे कोंबू नयेत आणि राख साचू देऊ नये. जाळाखाली हवा शिरली नाही की धूर होतो. आणि धूर म्हणजे न जळता वाया गेलेले सरपणच होय. हाच धूर वर्षानुवर्षे छातीत गेल्याने स्त्रियांना दम्यासारखे विकार जडतात व पाठीवर वा मांडीवर बसलेल्या बालकांना न्यूमोनिया होतो.

शेतातील सरपण

आता वर्धा जिल्ह्याच्या खऱ्या सरपणाकडे वळावयास हवे. ते जंगलात नाही, शेतात आहे. कापूस व तूर ही येथील मुख्य पिके, आणि एक हेक्टर कपाशीतून वेचणीनंतर सुमारे २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. वाळलेली पऱ्हाटी वजनाला वजन लाकडाच्या जवळपास उष्णता देते. वर काढलेला ६ क्विंटलांचा हिशेब आठवला तर एक एकर कपाशीची पऱ्हाटी एका घराच्या हिवाळी आंघोळीस पुरून उरते. पऱ्हाटीचा जाळ उंच व वेगवान असतो. भाकरीला तो फार सोयीचा. मात्र चुलीपुढून उठता येत नाही, कारण काड्या सतत सारत राहाव्या लागतात. तुराटी सरळ व स्वच्छ जळते, पण ती कुडासाठीही लागते. पाणी तापविण्यास पऱ्हाटीच्या जाळावर बाभळीची एक फोडी ठेवणे ही उत्तम जोडी. शेणाच्या गोवऱ्या मंद व एकसारख्या जळतात, म्हणून दूध आटविण्यास सोयीच्या. परंतु शेण जमिनीला परत मिळावे हा ग्रामोद्योग संघाच्या काळापासूनचा आग्रह आजही खरा आहे. पऱ्हाटी असताना गोवरी जाळणे म्हणजे खत जाळणे.

पऱ्हाटीत एक मोठी अडचण मात्र आहे. वेचणी संपल्यावर झाडावर उरलेल्या किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी राहते. दोन सरक्या जाळ्याने जोडून त्यांच्या पोकळीत ती सुप्तावस्थेत हिवाळा व उन्हाळा काढते. पावसाळ्याची हवा लागली की तिचे पतंग बाहेर पडतात आणि जवळच्या नव्या कपाशीवर अंडी घालतात. २०१७ च्या खरिपात विदर्भात या अळीने केलेले नुकसान शेतकरी विसरलेले नाहीत. म्हणूनच फरदड घेऊ नये, डिसेंबरअखेर वा फार तर जानेवारीत पीक संपवावे आणि पऱ्हाटीच्या गंज्या शेतात वा गावात साठवून ठेवू नयेत, असे कृषी विभागाकडून सांगितले जाते. दुसरीकडे, चुलीसाठी वर्षभराचे फुकट सरपण सोडून देणे अल्पभूधारक कुटुंबाला परवडत नाही. गंजी ठेवली तर बोंडअळी, न ठेवली तर मोळीसाठी जंगल, असा हा पेच आहे.

त्यातून वाट निघते ती एका साध्या गोष्टीवरून. अळी बोंडात राहते, खोडात नव्हे. तेव्हा शेवटच्या वेचणीनंतर प्रथम शेळ्या-मेंढ्या शेतात सोडाव्यात. त्या पाने व कोवळी बोंडे खाऊन टाकतात. मग चिमट्याने पऱ्हाटी उपटून तिचे दोन भाग करावेत. बोंडे धरणारा फांद्यांचा वरचा भाग शेतातच कुट्टी करून खतखड्ड्यात मातीने झाकावा. खालचे जाड खोड, त्यावर एकही बोंड राहिले नाही हे पाहून, मुळांची माती झटकून, जुडगे बांधून घरी आणावे. गळालेली बोंडे वेचून नष्ट करावीत. हे काम कष्टाचे आहे आणि मजुरीचा प्रश्नही येतो, हे खरे. परंतु सरपणापुरती, म्हणजे एखाद्या एकराची पऱ्हाटी अशी निवडणे घरच्या माणसांना अशक्य नाही. उरलेल्या पऱ्हाटीचे यंत्राने तुकडे करून जमिनीत गाडावे किंवा जवळपास पांढरा कोळसा तयार करणारा कारखाना असेल तर त्यास द्यावी.

घरी आणलेली खोडे प्रथम जाळावीत व बाभळीच्या फोडी पावसाळ्यासाठी राखून ठेवाव्यात. सामान्यतः याच्या उलट होते. चांगले लाकूड हिवाळ्यातच संपते आणि पऱ्हाटीची गंजी कुंपणाला टेकून श्रावणापर्यंत भिजत राहते. भिजलेली पऱ्हाटी नीट जळत नाही, आणि तिच्यात चुकून राहिलेल्या बोंडांतून पतंग निघण्याचा काळही नेमका हाच. जानेवारीत रचलेली गंजी रोज ५-६ किलोंप्रमाणे वापरली तर ६-७ क्विंटल पऱ्हाटी साधारण चार महिन्यांत संपते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या तळाशी जो काडीकचरा उरेल तो चुलीच्या वैलाजवळ न ठेवता त्याच दिवशी जाळून टाकावा आणि मोकळी झालेली जागा झाडून घ्यावी. तोवर मृगाच्या पेरणीची तयारी शेतात सुरू झालेली असते.